पंधरा बंदुकांचा एक बार

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सीदी बेन्नूरच्या पूर्वेला, उलाद मस्नाऊ गावाच्या माळावर पंधरा घोडेस्वारांच्या पंधरा बंदुका एकाच आवाजात सुटल्या. कुणाला इजा झाली नाही. एक घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, तोही लगेच खाली आला. धूर वाऱ्याबरोबर बिटाच्या रानाकडे निघून गेला.

बार एकत्र सुटायला नको होता. ज्याने त्याने आपापल्या मनाने, मागेपुढे सोडायचा असं ठरलं होतं. मुकद्दम अल्लालने तसा हुकूम दिला होता, तोही सगळ्या गावासमोर, मोठ्याने.

हुकूम मोडला तर काय करायचं, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. हुकूम मोडून रांगेने आयुष्यातला सर्वांत चांगला बार काढला तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

अल्लाल एकसष्ट वर्षांचा आहे. त्याच्या आधी त्याचा बाप उलाद मस्नाऊच्या सोर्ब्याचा मुकद्दम होता. सोर्बा म्हणजे स्वारांची एक रांग. मुकद्दम मधोमध असतो. त्याच्या पहिल्या आरोळीवर घोडे चौखूर सुटतात आणि दुसऱ्या आरोळीवर, मैदानाच्या टोकाशी, सगळ्या ठासणीच्या बंदुका उडतात. कानावर एकच आवाज पडला पाहिजे. दोन पडले तर पाहणारे टाळ्या वाजवत नाहीत. ते चहा मागवतात.

मागच्या वर्षी सोर्ब्यांच्या स्पर्धेच्या विभागीय निवडीत उलाद मस्नाऊच्या बारामागून आणखी एक बार वाजला. कुणाचा, ते आजवर ठरलेलं नाही. पंधरा जणांनी पंधरा शपथा घेतल्या. अल्लालचा चुलत भाऊ रहाल रांगेत त्याच्या उजव्या हाताला असतो. तो त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या तंबूत म्हणाला, "बंदुकीला उशीर झाला नव्हता. आरोळीला झाला होता." हे अल्लालच्या कानावर गेलं. त्या दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही. घोडे मात्र रोज संध्याकाळी शेजारी शेजारी धावत राहिले, गुडघ्याला गुडघा घासेल इतके जवळ.

गावच्या जाणत्यांनी अल्लालला एक वर्ष दिलं होतं. यंदाच्या निवडीत बार पुन्हा फुटला तर मधली जागा रहालची.

निसरीन गावात आली ती अशा वेळी. ती कासाब्लांकाची, इतिहास शिकलेली. एक परदेशी कंपनी पडद्यावर खेळायचा युद्धाचा खेळ तयार करत होती. त्यात काल्पनिक राज्यं, काल्पनिक फौजा. कुठली फौज कुठल्या खऱ्या फौजेवरून बेतायची, कुणाचं खोगीर कसं, कोण कसं लढत असे, हे सांगायचं काम निसरीनकडे होतं. तिने अल्लालच्या अंगणात चटईवर बसून चित्रं दाखवली. अल्लालची बायको यामना चहा ओतत होती.

"हा कोण?" अल्लालने विचारलं.

"तुम्ही, सी अल्लाल. म्हणजे तुमच्यावरून. ह्यांना धूळस्वार म्हणतात." आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी आदराने 'सी' लावतात.

"तोंडाला फडकं कशाला बांधलंय मी?"

"ते खाली वाळवंटातल्या लोकांचं."

"आणि ही वाकडी तलवार?"

"तुर्कांची."

"खोगीर मात्र माझं."

"हो, ते इथलंच."

"म्हणजे तीन घरं फोडून एक माणूस उभा केलात," अल्लाल म्हणाला.

यामनाने चित्राकडे मान वळवली. "पुढचे दोन दात नाहीत, ते झाकलेत. म्हणजे हेच असणार."

चित्राखाली आकडे होते. अल्लालने ते काय आहेत विचारलं. निसरीनने सांगितलं, की खेळात प्रत्येक फौजेला दहापैकी गुण असतात. धूळस्वारांना वेगाचे नऊ आणि शिस्तीचे दोन. समोरच्या पानावर उत्तरेचं राज्य होतं: लांब भाले घेतलेल्या पायदळाचे चौकोन, चकचकीत शिरस्त्राणं. त्यांना शिस्तीचे नऊ.

"हे कुणावरून?"

"साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज फौजेवरून. वादी मखाझिनच्या लढाईला आली होती ती."

अल्लालने पेला खाली ठेवला. "ज्यांना आपल्या बंदूकवाल्या घोडेस्वारांनी दोन्ही बाजूंनी घेरलं, ते?"

"तेच."

"त्यांचा राजा तिथंच मेला."

"हो."

"आणि शिस्त त्यांना नऊ?"

"मी तुम्हाला आठ लिहिले होते," निसरीन म्हणाली. "दोन वेळा लिहिले. वरून परत आले तेव्हा दोन झाले होते. त्यांचं म्हणणं असं, की घोड्यावरून ओरडत येणारे लोक म्हणजे टोळी. म्हणून तर मी आले. तुमची रांग त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितली, एकदा कानांनी ऐकली, तर त्यांना दोन लिहिता येणार नाही."

अल्लाल हो म्हणाला. निवडीच्या दिवशी घोडे न्यायला ट्रक आणि वर्षभर पुरेल एवढी बंदुकीची दारू कंपनी देणार होती, हे एक कारण. पण यामनाचं म्हणणं, खरं कारण तो आठाचा आकडा होता. "रात्रभर कूस बदलत होते," ती म्हणाली. "मेलेल्या पोर्तुगीजांचा एवढा राग मी कुणाला आलेला बघितला नाही."

शनिवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. त्याचं नाव बेन्वा. उंच, विनम्र, उन्हाने नाक सोललेला. त्याच्याबरोबर कॅमेरे आणि चार माणसं होती. त्याने घोड्यांचं कौतुक केलं, पाव आणि ऑलिव्ह खाल्ले, यामनाचे आभार मानले. मग त्याने काय हवंय ते सांगितलं आणि निसरीनने त्याच्याकडे बघतच राहून, भाषांतर करायला जरा वेळ घेतला.

"तो म्हणतो, बार एकत्र नको."

"म्हणजे?" अल्लाल.

"वेगवेगळे हवेत. विस्कटलेले. टोळी येते आहे असं वाटायला हवं."

"तू त्याला सांगितलं नाहीस?"

"आत्ताच सांगितलं. पुन्हा सांगते." ती पुन्हा बोलली. बेन्वाने शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि तितक्याच शांतपणे उत्तर दिलं. "तो म्हणतो, मी सांगते ते बरोबर असेल. पण खेळणाऱ्याला समोर कोण आहे ते एका क्षणात कळायला हवं. उत्तरेचं राज्य म्हणजे शिस्त, वाळू म्हणजे वादळ. दोन्हीकडे शिस्त ठेवली तर खेळ कशाचा?"

स्वार तोवर घोड्यांवर बसले होते. पांढरे झगे, पांढऱ्या पगड्या, मांडीवर आडव्या बंदुका. बंदुकांत दारू ठासून झाली होती. ट्रकचा करार झाला होता. घोडे उभं राहून कंटाळले होते आणि माश्यांनी त्यांना आणखी चिडवलं होतं. भिंतीवर गावातली अर्धी माणसं बसली होती.

अल्लालने रांगेकडे जाऊन सांगितलं, की बार मोकळा सोडायचा.

"मी नाही सोडणार," रहाल म्हणाला.

"हुकूम आहे."

"कुणाचा? त्या सोललेल्या नाकाचा की तुझा?"

"माझा."

"मग सोडतो, काकाच्या पोरा. तुझा हुकूम मी कधी मोडला नाही." रहालने आवाज चढवला. "पण हे भिंतीवर बसलेत त्यांना ऐकू जाऊ दे. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हालाच जमत नाही."

अल्लाल भिंतीकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "आज बार वेगळे सुटतील. हुकूम माझा आहे."

भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, "हुकमाची गरज काय, मागच्या वर्षी फुकट केलं होतंत की." बरेच लोक हसले.

पहिली धाव चुकली. वेगळे सोडायचे म्हणून जो तो शेजाऱ्याकडे बघत राहिला आणि बार तीन गठ्ठ्यांत निघाले. बेन्वाने दोन्ही हात पसरून दाखवलं: अजून मोकळं. दुसऱ्या धावेला अल्लालने क्रम लावून दिला, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, एकामागून एक. पंधरा बार जपमाळेच्या मण्यांसारखे गेले. घोडे बावरले, कारण असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता; डावीकडचे दोन तिरके पळाले. बेन्वा म्हणाला, की हे फारच नीटनेटकं झालं.

"ह्याला घाण काम सुद्धा वाईट करून हवंय," महजूब म्हणाला. महजूब डाव्या टोकाचा स्वार. पन्नाशीचा, आठवड्यातले पाच दिवस ट्रॅक्टर चालवणारा.

तिसऱ्या धावेआधी अल्लाल म्हणाला, "दुसरी आरोळी मी देणारच नाही. आरोळी नाही म्हणजे एकत्र येण्याचा प्रश्नच नाही. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा सोडा. माझ्याकडे बघू नका."

त्याने छातीवर, झग्याच्या आत, कंपनीने लावलेला छोटा माइक चाचपून पाहिला. पहिली आरोळी दिली. रांग सुटली. भिंतीवरचे लोक बोलत होते, तेही मध्येच थांबले, कारण घोडे सरळ रेषेत होते; सकाळपासून पहिल्यांदाच. मैदानाच्या टोकाशी स्वार रिकिबीत उभे राहिले, बंदुका वर गेल्या, आणि बार झाला.

एक.

छातीवर थाप बसावी तसा तो भिंतीवरच्यांना लागला. मग बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गलका केला आणि म्हातारा हाज माती, जो जाणत्यांत सर्वांत वडील आहे आणि सहसा कशाला उठत नाही, तो उठून उभा राहिला.

बेन्वाने कानांवरचं यंत्र काढलं. तो निसरीनशी काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" अल्लालने घोड्यावरूनच विचारलं.

"म्हणतो, हे सैन्य झालं."

"मग?"

"सैन्य त्याच्याकडे आहे. त्याला झुंड हवी."

अल्लालने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो आपली राखाडी घोडी रांगेसमोर चालवत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.

"आरोळी कुणी दिली?"

"तूच की," महजूब म्हणाला.

"मी दिली नाही."

"सी अल्लाल, बावीस वर्षं तीच ऐकतोय मी. बायकोच्या हाकेत चूक होईल, तुझ्या आरोळीत होणार नाही."

"मी दिली नाही म्हणतो ना."

दुसरा एक स्वार म्हणाला, की त्याला आरोळी उजवीकडून ऐकू आली. सगळ्यांनी उजवीकडे, म्हणजे रहालकडे बघितलं.

"मी तोंड उघडलं असतं तर मूठभर धूळ गिळली असती," रहाल म्हणाला. "मला काय विचारता?"

"मग तू बार कशावरून सोडलास?" अल्लाल.

रहालने बंदूक मांडीवर आडवी घेतली. "वेळ झाली होती," तो म्हणाला.

त्या दिवशी चौथी धाव झाली नाही. अल्लालने नकार दिला. बेन्वाने वाद घातला नाही. मिळालंय तेवढ्यात भागवतो म्हणाला, सगळ्यांशी हात मिळवले. कॅमेरे गाडीत चढत असताना अल्लालने निसरीनला माइकमध्ये काय आलंय ते ऐकवायला सांगितलं. गाडीच्या मागच्या दाराशी उभं राहून त्याने ते ऐकलं. टापा, खोगिराची करकर, त्याचा स्वतःचा श्वास. मग बार. दुसऱ्या आरोळीच्या जागी काहीच नव्हतं.

"पुन्हा."

तिने पुन्हा लावलं.

"तुमची नाही," निसरीन म्हणाली. "रहालची असती तरी आली असती. तो हाताच्या अंतरावर होता. कुणाचीच नाही, सी अल्लाल." ती हसत होती. "हेच तर मी त्यांना सांगत होते. आरोळीशिवाय! आठ काय, दहा द्यावे लागतील."

अल्लाल हसला नाही. ज्या रांगेला आरोळी लागत नाही तिला मुकद्दम कशाला लागतो, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला नव्हता. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याने घोडीचं खोगीर स्वतः उतरवलं, आणि मग पुन्हा चढवलं, कारण अजून उजेड होता. त्या संध्याकाळी तो एकटाच माळावर गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला.

कंपनीला घाई होती, परदेशात खेळांचा मेळावा भरणार होता. सोमवारी तिने खेळाची छोटी झलक बाहेर काढली. मंगळवारी सीदी बेन्नूरच्या बाजारात नालबंदाच्या दुकानासमोर सातआठ माणसं एका फोनवर वाकलेली होती. अल्लाल नाल घ्यायला गेला तेव्हा त्यांनी जागा करून दिली, जरा जास्तच आदराने.

पडद्यावर धुळीतून स्वार येत होते. तोंडाला फडकी, हातात वाकड्या तलवारी, सगळं रंगवलेलं. पण खोगिरावरचं कापड रंगवलेलं नव्हतं. लाल कापडावर पिवळ्या दोऱ्याचे आठ टोकांचे तारे. ते यामना आणि तिच्या बहिणींनी भरलेलं काम होतं आणि ते आमच्या सगळ्या दुक्काला भागात आणखी कुणाकडे नाही. रांग जवळ आली. मग बार सुटले: इथे एक, तिथे दोन, मग एक, मग उगाच एक.

"हा बार आहे की कढईतले फुटाणे?" नालबंद म्हणाला. तो अल्लालचा जुना मित्र आहे, म्हणूनच त्याला ते म्हणता आलं. बाकीच्यांनी जमिनीकडे बघितलं.

अल्लालने निसरीनला फोन केला. तिने झलक पाहिली होती. तिचा आवाज बसलेला होता.

"त्यांनी तुमचा एकच बार घेतला," ती म्हणाली. "आवाज कापला, त्याच्या पंधरा प्रती केल्या आणि त्या मागेपुढे पसरल्या. मी बेन्वाला विचारलं. तो म्हणाला, इतका स्वच्छ आवाज मिळाल्यामुळे काम सोपं झालं."

"सोपं झालं," अल्लाल म्हणाला.

"मूळ आवाज माझ्याकडे आहे. ते बाहेर द्यायची मला परवानगी नाही. पण शुक्रवारी घेऊन येते."

शुक्रवारी जाणत्यांची बैठक बोलावली गेली होती. निवड रविवारी. रहालने बैठक मागितली नव्हती. ती त्याच्यासाठी इतरांनी मागितली होती. गावात एकच बोलणं होतं: अल्लालने ट्रकसाठी बार विकला, आणि आता तो सगळ्या जगात वाजतोय.

गुरुवारी यामनाने चहा समोर ठेवला आणि तिथेच बसली.

"ते मूळ ऐकवलं नाहीस तर रांगेची अब्रू जाते," ती म्हणाली. "पंधरा घरांची. माझ्या भावाचीसुद्धा."

"कळतंय."

"ऐकवलंस तर सगळ्यांना कळतं की तू एक म्हणालास आणि त्यांनी दुसरं केलं. आणि चांगलं केलं."

"कळतंय म्हटलं ना."

"मग चहा गार का करतोस?"

"तुला काय वाटतं? आरोळी नव्हती तर ते एकत्र कसे आले?"

"तू इतकी वर्षं बोंबलतोयस," यामना म्हणाली. "कानात उरलं असेल थोडं."

त्याने चहाचा पेला उचलला. मग म्हणाला, "किंवा त्यांना तेवढंही लागलं नसेल."

शुक्रवारी नमाजानंतर दर्ग्याच्या अंगणात जाणते बसले. स्वार भिंतीला टेकून उभे होते. निसरीन कासाब्लांकाहून स्वतः गाडी चालवत आली होती. ती आत आली नाही; तिने फोन अल्लालच्या हातात दिला आणि दाराशी थांबली.

हाज मातीने विचारलं, "ती झलक तुझ्या सोर्ब्याची आहे का?"

"चित्र आमचं आहे. आवाज आमचा नाही. आमचा हा." अल्लालने फोन चटईवर मधोमध ठेवला.

टापा. श्वास. बार.

हाज माती बाराच्या वेळी माळावर होता, पण बाकीच्या तिघा जाणत्यांनी तो पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यातल्या एकाने डोळे मिटले आणि बार झाल्यावर ते उघडले नाहीत.

"आरोळी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"नाही," अल्लाल म्हणाला. "मी दिली नाही. माझा हुकूम वेगळे सोडा असा होता. गावासमोर दिला होता. त्यांनी तो पाळला नाही."

भिंतीपाशी चुळबुळ झाली. महजूब काहीतरी बोलायला लागला, त्याला हाज मातीने हाताने थांबवलं.

"रहाल. आरोळी तू दिलीस?"

हा प्रश्न रहालला येणार हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हो म्हटलं असतं तर मधली जागा त्याची होती. रेकॉर्डिंगमध्ये आली नाही तर नाही, वाऱ्यावर ढकलता आलं असतं. वर्षभर तो ह्याच जागेसाठी बोलत आला होता.

"नाही," रहाल म्हणाला.

"मग कुणी दिली?"

"कुणी नाही. मी सांगितलं त्याला. वेळ झाली होती." त्याने अल्लालकडे बघितलं नाही. "वेगळा सोडायचा म्हणून मी थांबलो होतो. शप्पथ, थांबलोच होतो. हातच आवरला नाही."

जाणते आपापसांत बोलले. मग हाज मातीने जे सांगितलं ते असं: बारात दोष नाही. विकल्याचा आरोप खोटा. पण मुकद्दमचा हुकूम मोडला गेला आहे आणि मुकद्दमने तो देण्यासारखा होता का, हाही प्रश्न आहे. "ह्याचा निकाल आमच्याकडे नाही. आरोळीशिवाय बार ज्यांनी काढला, त्यांनीच सांगावं त्यांना मधे कोण हवा. रविवारी, मैदानावर."

"आणि त्यांनी सांगितलं नाही तर?" अल्लालने विचारलं.

"तर तेही सांगणंच झालं," हाज माती म्हणाला.

बाहेर पडताना निसरीनने अल्लालला सांगितलं, की तिने तेच मूळ कंपनीलाही पुन्हा पाठवलं आहे, सोबत एक ओळ लिहून: शिस्त, दहा. उत्तर आलेलं नाही. मूळ बाहेर दिल्याचं त्यांना कळलं आहे की नाही, तेही तिला माहीत नव्हतं.

रविवारी कंपनीचे ट्रक ठरल्याप्रमाणे आले. चिठ्ठ्यांत उलाद मस्नाऊचा क्रम तिसरा लागला. पहिल्या सोर्ब्याचा बार चांगला गेला. दुसऱ्याचा फुटला आणि तंबूंतून चहाच्या मागण्या सुरू झाल्या.

मग पंचांनी तिसरं नाव पुकारलं.

चौदा स्वार मैदानाच्या तोंडाशी रांगेत उभे राहिले. मधोमध अल्लालची राखाडी घोडी होती, खोगीर चढवलेली, ताऱ्यांचं कापड घातलेली, स्वाराशिवाय. अल्लाल मैदानाभोवती बांधलेल्या दोराच्या अलीकडे, तंबूच्या खांबाशी उभा होता. पांढरा झगा, पगडी, भरलेली बंदूक. तो हाकेची वाट बघत होता.

हाक आली नाही. आजवर मुकद्दम रांगेला हाक मारत आला आहे. रांगेने मुकद्दमला हाक मारल्याचं कुणी ऐकलेलं नाही, आणि महजूबने नंतर शेजारच्याला सांगितल्याप्रमाणे, ती मारायची कशी हे कुणाला माहीत नव्हतं. पहिला शब्द कोण उच्चारणार? जो उच्चारील तोच आरोळी दिल्यासारखा होईल. चौदा जण समोर बघत राहिले. त्यातले काही अल्लालची वाट बघत होते, तो येईल असं धरून. काही बघत नसावेत. बाहेरून फरक कळत नव्हता.

राखाडी घोडीचा लगाम रहालच्या डाव्या हातात होता. त्याला फक्त आपला घोडा एक जागा डावीकडे सरकवायचा होता, किंवा लगाम पुढे करायचा होता. त्याने दोन्ही केलं नाही.

पंचांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. तिसऱ्या वेळेनंतर सोर्बा बाद होतो.

अल्लालने बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. यामना दोराशी उभी होती. ती त्याला काहीतरी म्हणाली, काय ते बायकांच्या गलक्यात ऐकू आलं नाही. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. रांग सरळ होती.